इंजिनाला काय होत नाही हो, आधी रबर बघा

जुन्या मारुती ८०० चा विषय निघाला की समोरचा हमखास इंजिनाचंच विचारतो. इंजिन काम झालंय का, धूर मारते का, तेल खाते का, ॲव्हरेज किती देते. आणि इतकी वर्षं ही गाडी घराच्या दारात खोलून-जोडून माझं मत असं झालंय की ह्या गाडीत इंजिन हा सगळ्यात शेवटचा विषय आहे. ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं एवढंसं इंजिन ते, वेळेवर तेल बदललं आणि कधी उकळू दिलं नाही तर त्याला काही होत नाही. मरतो तो पत्रा, आणि पत्र्याच्याही आधी मरतं रबर. गाडी उभी असो नाहीतर पळत असो, रबराचं वय वाढतच असतं. आणि गॅरेजला गाडी नेली की ह्या रबराकडं कुणी बघत नाही कारण त्यात मजुरी नाही, दोनशे रुपयांची नळी बदलून मिस्त्रीला काय सुटणार. म्हणून हे काम घरीच करायचं असतं.

आमची गाडी ९४ ची. पांढरी, कार्बोरेटरवाली, डॅशबोर्डला चोकचा नॉब, नंबर अर्थातच कोल्हापूरचा, एमएच ०९. आण्णांची गाडी, त्यामुळं विकायचा विषय घरात निघतो तो फक्त पाहुणे आल्यावर, तेही पाहुण्यांकडूनच. ज्यांना इतिहास लागतो त्यांच्यासाठी एवढंच, की १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुतीची चावी दिली गेली, १९८६ ला तो चौकोनी डबा जाऊन आत्ता आपल्या डोळ्यासमोर आहे तो आकार आला आणि जानेवारी २०१४ ला गाडी बंद झाली. देशात पंचवीस लाखांच्या वर खपली. घरी काम करणाऱ्याला ह्याचा फायदा असा की पार्ट मिळतात, आणि कुठल्याही गावातल्या झाडाखालच्या मिस्त्रीनं आयुष्यात एकदा तरी ही गाडी उघडलेली असते. शिवाय ओम्नीलाही ७९६ चंच इंजिन, आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती, त्यामुळं दुकानदार "८०० चं नाही" म्हणाला की मी लगेच "मग ओम्नीचं दाखवा" म्हणतो आणि बऱ्याच वेळा काम होतं.

आता रबर.

सुरुवात पेट्रोलच्या नळ्यांपासून करा, कारण बाकी रबर गेलं तर गाडी बंद पडते पण हे गेलं तर गाडी पेटते. टाकीकडून येणारी, पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी आणि उरलेलं पेट्रोल मागं नेणारी, अशा सगळ्या नळ्यांचे छोटे छोटे रबरी तुकडे असतात, त्यातला इंजिनाजवळचा तुकडा सगळ्यात आधी कडक होतो. तो थंड इंजिनावर बोटात धरून वाकवायचा, वरून बारीक भेगा दिसल्या की विषय संपला, बदला. आणि बदलताना नुसती "पेट्रोलची नळी द्या" म्हणू नका, काउंटरवरचा माणूस बंडलातली स्वस्तातली काळी नळी कापून देतो आणि ती वर्षभरात बिस्किटासारखी तुटते. नळीवर छापलेलं वाचा. एसएई जे३० आर९ असं लिहिलेली नळी मागा, महाग पडते पण इथेनॉलला टिकते.

हो, इथेनॉल. हा आमच्या भागातला मोठा विनोद आहे. कोल्हापूर जिल्हा म्हणजे ऊस, आमच्या चुलत्यांचा ऊस कारखान्याला जातो, त्याची मळी होते, मळीचं इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये जातं आणि तेच पेट्रोल येऊन पुतण्याच्या गाडीचा डायाफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ढकलणारा रबरी पडदा, खातं. चुलत्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मग काय, ऊस लावू नको म्हणतोस व्हय?" ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही. एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला दर, वेळेत मिळण्यापुढं माझा कार्बोरेटर किस झाड की पत्ती.

पण विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल. पंपावर आता हेच मिळतं. इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरमागं पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ताकद कमी असते, त्यामुळं ॲव्हरेज थोडं घसरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं की जुन्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्क्यांनी कमी होऊ शकतं. आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये एवढी बोंबाबोंब झाली तेव्हा पेट्रोलियम मंत्रालयानंही खुलाशात म्हटलं की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटरनंतर काही रबरी पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. वीस-तीस हजार! आमची गाडी तेवढी चालेपर्यंत मुलगा कॉलेजला जाईल. पण कॅलेंडर किलोमीटर बघत नाही ना. कमी चालणाऱ्या गाडीला तर जास्तच त्रास, कारण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि पावसाळ्यात चार महिने उभी राहिलेल्या गाडीच्या टाकीत अर्धं पेट्रोल आणि अर्धी दमट हवा असेल तर काय होणार ते सांगायला नको. म्हणून टाकी रिकामी ठेवून गाडी उभी करू नका, शक्यतो भरून ठेवा, आणि आठवड्यातून एकदा तरी गावाबाहेर फिरवून आणा. नुसती दारात चालू करून बंद करण्यात काही अर्थ नाही, त्यानं इंजिन नीट गरम होत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून गंजतो.

नवीन गाडीत सेन्सर असतो, तो हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की कॉम्प्युटरला सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. आमच्या गाडीत कॉम्प्युटर म्हणजे मी. इथेनॉलमुळं मिश्रण पातळ होतं, सकाळी चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो आणि ॲक्सिलरेटरवर पाय दिला की गाडी क्षणभर "आँ?" करते आणि मग उचलते. हे आँ ऐकलं की बहुतेक लोक प्लग बदलतात, मग कॉइल बदलतात, मग वायर बदलतात. त्याच्या आधी एक फुकटची टेस्ट करा. इंजिन बंद. एअर क्लीनरचं झाकण काढा, म्हणजे कार्बोरेटरचा घसा वरून दिसतो. चोकची पाती उघडी आहे बघा. टॉर्च मारा आणि हातानं थ्रॉटलचा लिव्हर झटक्यात ओढा. आत एका बारीक पितळी तोंडातून पेट्रोलची पिचकारी उडाली पाहिजे, ठणठणीत, सरळ. पिचकारी उडाली नाही, किंवा नुसतं ओघळलं, तर तुमचा ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्रॅम गेला, तो एक रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा रबराचा तुकडा असतो, कार्बोरेटरच्या अंगावर छोट्या झाकणाखाली, चार स्क्रूच्या आत. बास. त्याच्यासाठी लोकांनी अख्खे कार्बोरेटर बदललेले मी बघितलेत.

कार्बोरेटर किट मिळतं, त्यात पॅकिंग, डायाफ्रॅम, नीडल व्हॉल्व सगळं येतं. किट हातात आहे तर सगळं एकदमच करून टाका. बॅटरीचा निगेटिव्ह काढून, उघड्यावर, आणि आजूबाजूला बिडी ओढणारे कुणी नाही बघून. आमच्याकडं प्रेक्षक खूप जमतात, गाडीचं बॉनेट उघडलं की गल्लीतले तीन जण तरी कमरेवर हात ठेवून उभे राहतातच आणि त्यातला एक जण मूळचा ॲम्बेसेडरवाला असतो, त्याचं सगळं ज्ञान ॲम्बेसेडरचं. असो. खोलताना प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो काढा, कारण व्हॅक्यूमच्या नळ्या कुठली कुठं होती हे नंतर कुणालाच आठवत नाही. ह्या व्हॅक्यूमच्या नळ्या पण रबरच, त्यांची टोकं सैल होतात आणि गाडी आयडलला थरथरते, तेव्हा टोकाचा अर्धा इंच कापून परत दाबून बसवली की पुढची दोन वर्षं मिटलं. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची तोंडं, पितळेचे असतात. त्यात तार घालायची नाही. कुणी कितीही म्हणू दे. पितळ मऊ असतं, तारेनं भोक मोठं होतं आणि मग गाडी काळा धूर मारत पेट्रोल पिते आणि तुम्ही इंजिन काम काढता. स्प्रे मारा, हवा मारा, उजेडाकडं धरून बघा, गोल स्वच्छ भोक दिसलं की झालं. जोडून झाल्यावर फ्लोट चेंबरच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीच्या, अंगाला जी छोटी काच असते तिच्यात पेट्रोलची पातळी बघायची, इंजिन चालू असताना ती काचेच्या मधोमध राहिली पाहिजे. ही काच बहुतेक गाड्यांवर इतकी मळलेली असते की ती काच आहे हेच मालकाला माहिती नसतं.

पेट्रोलचा पंप पण बघून घ्या. ह्या गाडीत पंप मेकॅनिकल, इंजिनाच्या हेडवर बसवलेला, आत परत डायाफ्रॅम. तो फाटला तर बाहेर गळेलच असं नाही, पेट्रोल आतल्या आत इंजिन ऑइलमध्येही उतरतं. डिपस्टिक ओढून वास घ्या. ऑइलची पातळी वापरून कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका.

दुसरं मोठं रबर म्हणजे सीव्ही जॉइंटचे, म्हणजे चाक फिरवणाऱ्या ॲक्सलच्या सांध्याचे, बूट. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, खाली बसा, चाकाच्या मागं बघा. काळी घड्याघड्यांची टोपी दिसते ती. तिच्या घडीत चीर असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे असतील तर त्या आठवड्यातच बूट बदला. फाटक्या बुटातून ग्रीस बाहेर जातं, माती आत जाते, आणि मग यू टर्न मारताना कट कट कट असा आवाज सुरू होतो. आवाज सुरू झाल्यावर बूट बदलून उपयोग नाही, जॉइंट गेला. म्हणजे दोन-तीनशेच्या रबरासाठी काही हजारांचा ॲक्सल. आमच्याकडं रस्त्यांची अवस्था आणि ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांनी पाडलेले चर बघता मी दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर बूट बघतोच. एक गोष्ट मात्र, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली जायचं नाही. स्टँड घ्या. विटा नको, विटा फुटतात.

इंजिन माउंटिंग पण रबर. तीन सिलिंडरचं इंजिन मुळातच थरथरतं, ते लोक विसरतात आणि "माझी गाडी व्हायब्रेट होते" म्हणून ट्यूनिंगला नेतात. इंजिन ज्यावर टेकतं ती माउंटिंग दबून गेलेली असतील तर आयडलला गिअरचा दांडा नाचतो आणि क्लच सोडताना आत ठक्क होतं. ट्यूनिंग करून दांडा नाचायचा थांबत नसतो.

ब्रेकचं रबर मी घरी करतो, पण ज्यांनी कधी केलं नाही त्यांनी पहिल्यांदा कुणा जाणत्याला शेजारी बसवून करावं. पुढं डिस्क, मागं ड्रम. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर, त्यात रबरी वॉशर, ते गळतात आणि ब्रेक ऑइल लायनरवर जातं. ड्रम काढला आणि आत ओलं दिसलं की नुसतं पुसून परत लावायचं नाही. ब्रेक ऑइलही पाणी ओढतं, म्हणून दोन वर्षांनी सगळं बदलायचं, भले गाडी घरातच उभी असेना.

पाण्याच्या नळ्या. थंड असताना दाबून बघा, करकर वाजली किंवा पावासारखी मऊ लागली तर बदला. इथं मला थोडं भांडायचंय. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या गाड्यांचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरला जाऊ न देणारा व्हॉल्व, काढून टाकलेला असतो. "काढून टाका साहेब, गाडी गरम होणार नाही." अरे पण ती गरम व्हायलाच पाहिजे ना! थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, थंडीत तर अख्ख्या प्रवासात काटा वर येत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि तेलात चिकटा होतो. गाडी खरंच तापत असेल तर कारण दुसरीकडं असतं. रेडिएटर आतून बुजलाय, नाहीतर पंखा लागत नाही. पंख्याला गरमीवर चालणारा स्विच असतो, त्याच्या वायरी काढून एकमेकींना जोडायच्या आणि चावी ऑन करायची, पंखा फिरला तर पंखा चांगला आहे आणि स्विच गेलाय. पाच मिनिटांचं काम. हे न बघता गाडी चालवत राहिलात की अॅल्युमिनियमचं हेड वाकतं, आणि मग मात्र इंजिनाचा विषय निघतो. नळाचं पाणी घालू नका, कूलंट घाला, आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं तर रेडिएटरच्या आत चुन्याचं प्लॅस्टर होतं.

पॉइंट आणि प्लगचं फार लिहित नाही कारण ते सगळीकडं सापडतं. सीबी पॉइंटचा (ठिणगीचा करंट तोडणाऱ्या पॉइंटचा) गॅप ०.४ ते ०.५ मिमी, फीलर गेज घ्या, व्हिजिटिंग कार्ड घालून गॅप काढायचे दिवस गेले. तेल २०डब्ल्यू४०, तीन लिटरचा डबा आणला की पुरून थोडं उरतं. व्हॉल्वचा टकटक आवाज थोडा असलेला चालतो, एकदम शांत असलेलं चालत नाही. पाने म्हणाल तर १०, १२, १४, १७ एवढ्यात नव्वद टक्के गाडी उघडते, म्हणून तर ही गाडी घरी करता येते.

आता पत्रा. आणि इथंच माझं रबराचं म्हणणं पक्कं होतं, कारण ह्या गाडीचा पत्रा सडतो तोही बऱ्याच वेळा रबरामुळंच. पायाखालचं मॅटिंग उचला. नुसतं वरचं नाही, त्याच्या खालचं जाड नमदं पण. पावसाळ्यात ते ओलं लागलं तर पाणी कुठून तरी येतंय आणि त्या नमद्यात बसून खालचा पत्रा खातंय. लोक लगेच खालून डांबराचं कोटिंग मारून घेतात. गंजावर कोटिंग मारणं म्हणजे ओल आत कोंडणं, वरून काळं चकचकीत आणि आत पापड. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. आमच्याकडची पद्धत अशी, मुलाला टॉर्च देऊन आत डॅशबोर्डखाली डोकं घालून बसवायचं, दारं बंद, आणि मी बाहेरून पाण्याची नळी धरतो. आधी फक्त खाली, बॉनेट आणि काचेच्या मधल्या जाळीवर. मग काचेच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यावर. मग दारावर. एकदम सगळीकडं पाणी मारलं तर काही कळत नाही, एकेका जागेवर दोन-तीन मिनिटं. आतून आवाज येतो, "पप्पा, आलं आलं, वायरीच्या इथनं!" बोनेटमधून आत येणाऱ्या वायरीच्या जुडग्याभोवती रबराचं बूच असतं, ते कडक होऊन आक्रसतं आणि त्याच्या कडेनं पाणी वायरीवरून ओघळत थेट ड्रायव्हरच्या पायाखाली. काचेचं रबर कारण निघालं असतं तर काच काढून बसवावी लागली असती, इथं बूच बदलून भागलं. दुसरी जागा म्हणजे काचेखालच्या जाळीत साठलेला पाला. गाडी झाडाखाली लावता ना? मग तिथं खत तयार होतंय, बोट घालून बघा.

दाराच्या तळाला बारीक भोकं असतात, पाणी निघून जायला. ती मातीनं बुजली की दार आतून टाकी होतं आणि खालची कड सडते. ती भोकं उघडी ठेवणं हे ह्या गाडीवरचं सगळ्यात स्वस्त काम. बॅटरीखालची ताटली तशीच, ॲसिडनं सडते, खायचा सोडा आणि गरम पाण्यानं धुवून, घासून, रेड ऑक्साइड मारून वर रंग. टर्मिनलला व्हॅसलीन.

कुणाला आत्ता जुनी ८०० घ्यायची असेल तर खिशात एक चुंबक ठेवा, कपड्यात गुंडाळलेलं, म्हणजे रंग खरचटणार नाही. चाकाच्या कमानी आणि दाराच्या खालच्या कडा. चुंबक जिथं चिकटत नाही तिथं पत्रा नाही, लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. आणि आमच्या कोल्हापूर-सांगलीकडची गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात इतक्या गाड्या बुडाल्या, धुवून पुसून सुवास मारून विकल्या गेल्या, पण बेल्टच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ राहतेच, ती कुणी धूत नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसी रिन्यू करावी लागते, महाराष्ट्रात त्याच्यासोबत पर्यावरण कर. कारची रिन्यूअल फी एप्रिल २०२२ पर्यंत ६०० होती, तिथून एकदम ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांच्या वरच्या गाडीला १०,०००. म्हणजे गाडीच्या भंगाराच्या किमतीशी स्पर्धा चाललीय. दिल्लीसारखी पंधरा वर्षांची बंदी आपल्याकडं नाही, एवढं बरं. आणि पन्नास वर्षं झाली की केंद्राच्या नियमात गाडी व्हिंटेज धरतात, तर पहिल्या मारुत्या २०३३ ला व्हिंटेज होतील आणि आमची २०४४ ला. तेव्हा मग तिला मान मिळेल, आत्ता मात्र सिग्नलला मागचा हॉर्न मारतो.

घरी काय करायचं नाही हेही सांगतो. व्हीलचं बेअरिंग प्रेसवर बसवायचं असतं, हातोड्यानं नाही. वेल्डिंग घरी नाही, तेही पेट्रोलची टाकी असलेल्या गाडीवर. हेड फेसिंग, ड्रम टर्निंग, असलं सगळं मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात नेतो. लेथवरची माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या बसलीत, त्यांच्या हातात पार्ट दिला की ते आधी उलटा-पालटा करून बघतात, नखानं कड चाचपतात आणि मग मायक्रोमीटर काढतात, आणि बऱ्याच वेळा नखाचं आणि मायक्रोमीटरचं एकच निघतं. पत्र्याचा पॅच मारायला जातो त्या वेल्डरला मी नेहमी सांगतो की आधी नमदं काढतो, वायरी बाजूला करतो, मग तू लाव, आणि तो नेहमी म्हणतो, "तुम्ही घरी एवढं करताय तर हे पण घेऊन टाका की मशीन." बायकोसमोर म्हणू नकोस म्हणालो.

आणि शेवटचं रबर, जे सगळ्यांच्या डोळ्यासमोर असतं आणि कुणी बघत नाही. टायर. ही गाडी इतकी हलकी आणि आता इतकी कमी चालते की टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी आणि बाजूच्या भिंतीला मात्र बारीक भेगा. टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. बारा इंची टायर आता फार खपत नाहीत, त्यामुळं दुकानात जुना माल पडून असतो आणि तोच "नवा" म्हणून पुढं येतो. परवा एका दुकानात मी वाकून आकडे वाचायला लागलो तर मालक म्हणाला, काय बघताय, प्लॅस्टिक पण निघालं नाही अजून त्याचं. मी म्हटलं, प्लॅस्टिक नवीन आहे हो, टायर सहा वर्षांचा आहे. तो दोन मिनिटं गप्प बसला, मग पोराला हाक मारून म्हणाला, "ए, वरचे नको, गोडाऊनमधले काढ." गोडाऊनमधले चार महिन्यांपूर्वीचे निघाले, आणि भाव तोच.